दोर सोडायची पाळी

समुद्राच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक तांडेल होता. तांडेल म्हणजे मासेमारीचा म्होरक्या. होडी कधी लोटायची, जाळं कुठे पसरायचं, निघालेला मासा कसा वाटायचा, हे तो सांगे आणि गाव ऐके. माणूस सरळ होता. कुणाच्या वाट्याला कमी पडू देत नसे. त्यामुळे आपण चांगले आहोत असं त्याला वाटायचं, आणि गावालाही तसंच वाटायचं.

त्या गावात रापणीने मासे धरत. होडी जाळं घेऊन समुद्रात जायची, मोठा वळसा घालून परत यायची, आणि जाळ्याचे दोर किनाऱ्यावर आणून द्यायची. मग बाया, बापे, म्हातारे, सगळं गाव दोर ओढायला उभं राही. ओढत ओढत माणसं उलट पावली मागे सरकत. वाळू चढून माडांपर्यंत पोचलं, की सगळ्यात मागचा माणूस दोर सोडून देई आणि चालत पुन्हा पाण्यापाशी जाऊन पुढे दोर धरी.

त्या चालण्याला गावात विसावा म्हणत. तेवढ्या वाटेत हात मोकळे सोडायचे, घाम पुसायचा, एखाद्याची थट्टा करायची. विसाव्यावरच्या माणसाला कुणी घाई करायची नाही, हा तांडेलाचाच नियम होता. तो नव्या माणसांना सांगे, की दोर धरणं सगळ्यांना येतं, पण वेळेवर सोडला नाही तर हात गळून जातात आणि मग ओढच मोडते.

दुसरा नियम वाट्याचा होता. दोराला हात लागला, त्याला वाटा मिळे. त्यातून एकच माणूस सुटलेला होता, तो म्हणजे टेहळ्या. तो टेकडीवर बसून समुद्र बघत राही. माशांचा थवा आला की पाण्यावर काळसर सावली दिसते, ती त्याला सगळ्यांच्या आधी दिसे. मग तो उभा राहून लाल फडकं हलवी आणि होडी सुटे. त्याचा हात कधी दोराला लागला नाही, पण पहिला वाटा त्याचा असे. त्याची बायको मंजुळा मात्र दोरावर असायची. ती हसरी होती, विसाव्याला चालताना मोठ्याने गाणी म्हणायची, आणि पाण्यापाशी पोचली तरी थांबली नाही, की बाया थट्टेने म्हणत, बाई, गाणं पुरे, दोर धर.

तांडेल आणि टेहळ्या लहानपणापासूनचे सोबती. एकाच्या घरची पेज दुसऱ्याने प्यायलेली.

पुढे काय झालं कोण जाणे, टेहळ्याचं चित्त बिघडलं. आधी तो गप्प गप्प राहू लागला. मग म्हणू लागला, की समुद्र मला नावाने हाका मारतो. एके दिवशी त्याने फडकं हलवलं. होडी सुटली, जाळं पडलं, सगळ्या गावाने दोर ओढला, आणि जाळ्यात शेवाळ आलं. माणसं हसली. पुन्हा तसंच झालं, तेव्हा कुणी हसलं नाही. आणखी एकदा झालं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, की वेड्याच्या हातात फडकं देऊन आपणच वेडे झालो.

तांडेल टेकडी चढून गेला. सोबत्याच्या हातातून त्याने लाल फडकं काढून घेतलं. टेहळ्याने दिलं, ओढाताण केली नाही. फक्त विचारलं, "तुला खरंच ऐकू येत नाही?" तांडेलाने उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून तो त्या घराच्या आत गेला नाही. जाऊन बोलायचं काय, हे त्याला कळेना. गावातल्या इतरांनाही कळेना, म्हणून कुणीच गेलं नाही.

मंजुळा दोरावर यायची थांबली. टेहळ्या हाका ऐकून पाण्याकडे चालू लागे. एकदा भरतीच्या वेळी तो छातीपर्यंत पाण्यात गेला होता. तिने कपड्यांसकट आत जाऊन त्याला काढलं. तेव्हापासून ती त्याच्यापासून हलेना. खाडीपलीकडे एक वैद्य होता. त्याचं औषध पोटात असलं की हाका बारीक होत, नसलं की मोठ्या होत. पण औषध आणायचं तर घर सोडायला हवं, आणि घर सोडायचं तर त्याच्यापाशी कुणीतरी हवं. मग कधी औषध असायचं, बरेचदा नसायचं.

टेहळ्याकडे फडकं नाही, मंजुळेचा दोराला हात नाही, म्हणून त्या घराला वाटाही नाही. तांडेलाने नियम मोडला नाही. तिला कुणी मंजुळा म्हणेनासं झालं. वेड्याची बायको, एवढंच.

एके दिवशी वाळूवर वाटे पडत असताना ती आली. बायांनी बाजूला होऊन वाट दिली, जरा जास्तच मोठी दिली. ती तांडेलापाशी येऊन उभी राहिली आणि हळू म्हणाली, "भावोजी, मला वाटा नको. एक दुपार कुणीतरी त्यांच्यापाशी येऊन बसेल का?"

तांडेलाने विचारलं, की कुठे जायचं आहे का, काही काम निघालं का.

तिने मान खाली घातली. "कुठे नाही. मला झोपायचंय."

मागून एक बाई म्हणाली, "मलापण झोपायचंय गं दुपारची. माझ्या नवऱ्यापाशी कोण बसतंय?" सगळे हसले. बाई काही वाईट नव्हती. तिला वाटलं, थट्टेने जरा हलकं होईल.

मंजुळा हसली नाही. म्हणाली, "माझा डोळा लागला आणि ते उठून पाण्यात गेले, तर मला कळायचंसुद्धा नाही. म्हणून विचारलं."

आता सगळे तांडेलाकडे बघू लागले. त्याच्या मनात आलं, की मीच जाऊन बसावं. लगेच दुसरं मनात आलं, की तो माझ्याकडे बघेल, फडक्याचं विचारेल, मग मी काय सांगू. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ढिगातली सगळ्यात मोठी सुरमई उचलली. ती मंजुळेच्या हातात देऊन तो मोठ्याने म्हणाला, "नियम राहू दे बाजूला. आजपासून या घरी मासा जाईल. माझ्या वाट्यातला जाईल."

वाळूवर बरं वाटलं सगळ्यांना. कुणी म्हणालं, तांडेलाचं काळीज मोठं. मंजुळा त्या माशाकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि निघून गेली. ती काय मागायला आली होती, हे संध्याकाळपर्यंत गाव विसरलंही.

तांडेल दिल्या शब्दाला जागला. रापण लागली की तो स्वतः मासा घेऊन त्या घरी जाई. नेहमी मोठा मासा निवडी, लहान दिला तर आपल्यालाच कमीपणा. दाराशी खुंटी होती, तिला शेपटीने अडकवी, खाकरून आवाज देई, आणि उत्तर यायच्या आत परत फिरे. घरी जेवायला बसल्यावर त्याला आपलं जेवण गोड लागे.

असे बरेच दिवस गेले.

एका दुपारी तो मासा घेऊन गेला तेव्हा परसात कावळ्यांचा कालवा चालला होता. तो वळसा घालून मागे गेला. माडाच्या बुंध्याशी कुत्र्याने माती उकरली होती आणि त्यातून सुरमईचं डोकं वर आलं होतं. अख्खी सुरमई, न चिरलेली. शेजारी जुनी हाडं होती, तीही तशीच अख्ख्या माशांची.

तांडेलाच्या अंगाचा भडका उडाला. आपल्या पोराबाळांच्या तोंडातला मासा आपण इथे आणतो आणि ही बाई मातीत पुरते. नको होता तर सांगायचं. तो तडक पुढच्या दारी आला. काय बोलायचं तेही त्याने तोंडात तयार ठेवलं. वहिनी, मासा पुरायला देतो का आम्ही? आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने उंबरा ओलांडला.

आत मंजुळा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. मान एका खांद्यावर पडलेली, तोंड किंचित उघडं. केस पांढरे झाले होते, ते तांडेलाला ठाऊकच नव्हतं. तिच्या मनगटाला जाळ्याची बारीक दोरी सैल बांधलेली होती. दोरीचं दुसरं टोक टेहळ्याच्या मनगटाला होतं. तो उठला तर दोरी ताणली जावी आणि तिला जाग यावी, अशी ती सोय होती.

टेहळ्या जागा होता. ताठ बसला होता, एक पाय दुमडलेला, हात मांडीवर ठेवलेला. तांडेलाला बघून त्याने मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू," तो कुजबुजला. "मी हललो की ती उठते. म्हणून मी हलत नाही."

तांडेलाच्या तोंडात तयार असलेलं बोलणं तिथेच सुकलं.

टेहळ्याच्या कपाळावर घाम होता. दुमडलेला पाय मुंग्या येऊन थरथरत होता. बाहेर भरती लागली होती आणि लाटांचा आवाज घरात येत होता. तांडेलाने खुणेनेच विचारलं, की हाका येतात का. टेहळ्याने मान हलवली. "खूप येतात. पण तिला झोपू दे थोडं. मग बघू."

ज्याच्या हाती फडकंही ठेवायचं नाही असं गावाने ठरवलं होतं, तो आपल्या बायकोला झोप मिळावी म्हणून समुद्राशी एकटा झुंजत बसला होता. आणि धडधाकट गाव मासा अडकवून जात होतं.

तांडेल खाली बसला. हातातला मासा कुठे ठेवावा तेही त्याला सुचेना. टेहळ्याची नजर माशावर गेली आणि त्याचा चेहरा पडला.

"अख्खा आणलास परत," तो म्हणाला. "विळी नाही रे घरात. तिचं पातं चमकलं की मला भीती वाटते. तिने विळी, कोयता, सगळं बहिणीकडे धाडून दिलं. मासा चिरणार कशाने? तारल्यांसारखी बारीक मासळी असती तर बोटांनीसुद्धा साफ झाली असती."

तांडेलाने आयुष्यभर मासे वाटले होते. कुणाच्या घरात किती तोंडं, कुणाला काटा चालत नाही, सगळं त्याला पाठ होतं. या घराचं त्याने कधी विचारलंच नव्हतं. चुलीजवळ भाताचं मडकं होतं, शेजारी मीठ होतं. दुसरं काही नव्हतं. दाराशी लटकणारा एवढा मोठा मासा बघत ही माणसं मीठभात खात होती, आणि वास सुटायच्या आत मासा मातीत घालत होती, तोही लपवून, देणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.

त्याला इतकी लाज वाटली, की तोंड झाकून घ्यावंसं वाटलं. पण तिथे त्याच्या तोंडाकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

मग त्याने एक केलं. पुढे सरकून मंजुळेच्या मनगटावरची दोरीची गाठ अलगद सोडली आणि ती आपल्या मनगटाला बांधली. टेहळ्याला म्हणाला, "आता हल. पाय लांब कर. मी धरलंय."

टेहळ्याने पाय पसरला आणि केवढा तरी मोठा श्वास सोडला. दोघं उठून परसात गेले, माडाखाली बसले. फडक्याचं टेहळ्याने विचारलंच नाही. तांडेलालाच राहवलं नाही. तो म्हणाला, "त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी काहीच बोललो नाही. मला ऐकू येत नाही रे. पण तुला येतं, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं." टेहळ्या पाण्याकडे बघत होता. मधेच तो उठू लागला, दोरी ताणली गेली, तांडेलही उठला. थोडं चालले आणि दोघं परत येऊन बसले. असं पुन्हा पुन्हा झालं. दुपार कलेपर्यंत तांडेलाचं अंग मोडून आलं. रापणीच्या दिवशीही ते इतकं मोडत नसे, कारण रापणीत मधे विसावा असतो.

उन्हं उतरली तेव्हा घरातून किंकाळीसारखा आवाज आला. मंजुळा धावत बाहेर आली, रिकामं मनगट दुसऱ्या हाताने चाचपत. समोर दोघं बसलेले दिसले आणि दोरी तांडेलाच्या हाताला दिसली. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

तांडेलाला क्षमा मागायची होती. त्याने उकरलेल्या मातीकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

"भावोजी, तुम्ही मासा आणायचात, मला लाज वाटायची," ती म्हणाली. "पुरताना तर जास्तच वाटायची. पण मी दुपार मागितली होती. मासा नव्हता मागितला."

"मला ऐकू आलं होतं तेव्हा," तांडेल म्हणाला. "ऐकू आलं म्हणूनच मासा दिला."

त्याने मनगटावरची दोरी सोडून तिच्या हातात दिली. तो गेल्यावर ती रडली असेल, किंवा पुन्हा झोपली असेल.

पुढच्या रापणीला तांडेलाने एक विचित्र हुकूम सोडला. आज विसावा नाही. जो जिथे उभा आहे, त्याने तिथूनच ओढायचं, दोर सोडायचा नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली, पण तांडेलाचा शब्द. सगळ्यात पुढे, जिथे लाट अंगावर येते आणि ओढ जास्त असते, तिथे तो स्वतः उभा राहिला.

थोड्याच वेळात हात भरून आले. मग तळवे सोलले. कुणी थट्टा करेना, कुणाला घाम पुसता येईना. म्हातारे खाली बसायला लागले. जी बाई त्या दिवशी मंजुळेला हसली होती, तीच कळवळून ओरडली, "तांडेला, जीव घेतोस का? कधी सोडायचा दोर?"

तांडेलाचे हात तिच्यापेक्षा जास्त सोलले होते. तो मागे वळला. "मंजुळेने हेच विचारलं होतं," तो म्हणाला, "आणि मी तिला मासा दिला."

माणसांच्या मुठी सैल झाल्या. दोर ढिला पडला, जाळं पाण्यातच थांबलं. त्या बाईने पदराने तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत राहिली. माणसं आपापल्या तळव्यांकडे बघत होती, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

त्या दिवशी मासा फार निघाला नाही. पण नियम बदलला. विसाव्याला निघालेल्यांपैकी एक जण पाण्याकडे न जाता टेहळ्याच्या घरी जाईल. तिथे बसणं म्हणजे दोर ओढणंच. त्याचा वाटा पडेल, आणि मंजुळेचाही पडेल. मासा त्या घरी जाईल तो चिरून, धुऊन. जाईल त्याने आत जायचं, बसायचं, आणि आधी मंजुळेला विचारायचं, की बाई, तुला काय हवं.

सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. एक म्हातारा टेहळ्याला पटवायला लागला, की समुद्राला तोंडच नाही तर तो हाका कसा मारेल. टेहळ्या चिडला, म्हातारा पळून आला. एक जण इतका बडबडला, की टेहळ्यानेच त्याला घरी पाठवलं. काहींनी जायचं टाळलंच, अजून टाळतात. पण जी बाई हसली होती ती नेमाने जाऊ लागली. ती फार बोलत नसे, त्याच्याशेजारी बसून जाळं विणत असे, आणि टेहळ्याला ते बरं वाटे. मंजुळेला खाडीपलीकडे जायला मिळू लागलं, औषधात खंड पडेनासा झाला. टेहळ्या बरा झाला असं मी म्हणणार नाही. हाका पुरत्या कधी थांबल्या नाहीत. पण हाका आल्या की दोरी धरायला दुसरंही कुणी असे.

मग एका सकाळी मंजुळा वाळूवर आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिने पाण्यापाशी जाऊन दोर धरला, सगळ्यांबरोबर उलट पावली मागे सरकत गेली. माडांपाशी पोचली, तरी तिने दोर सोडला नाही. तिची बोटं सुटतच नव्हती. मागे जागा उरली नाही, माणसं अडली, पण कुणी घाई केली नाही.

तांडेल पाण्याच्या टोकाला होता. त्याने हाक दिली, "मंजुळे, सोड. आम्ही आहोत."

तिने दोराकडे पाहिलं. मग बोटं उघडली. दोर तिच्या हाताशिवाय पुढे सरकत राहिला, जाळं किनाऱ्याकडे येत राहिलं, काहीही बुडालं नाही. ती मोकळ्या हातांनी पाण्याकडे चालू लागली. वाटेत एकदा वळून तिने आपल्या घराकडे पाहिलं. परसात माडाखाली दोन माणसं बसलेली दिसत होती. मग तिने वळून पाहिलं नाही.

ती शेजारून गेली तेव्हा तांडेलाने मान वर केली नाही. तिच्या डोळ्यांत बघणं त्याला अजून जमत नव्हतं. पण ती अगदी बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होती, ते त्याला ऐकू आलं.

तात्पर्य इतकंच, मुलांनो: ज्याच्या घरात मनाचं दुखणं आहे, तिथे दुखणाऱ्याची चौकशी करा, आणि त्याला सांभाळणाऱ्याचीही करा. दाराशी काहीतरी ठेवून परत फिरू नका. आत जा, काय हवं ते विचारा, आणि थोडा वेळ त्यांचा दोर आपल्या हातात घ्या.